अक्कांचा लाल टॅग

अक्का एस्टीतसुद्धा हेल्मेट घालून बसायच्या. श्रीगोंद्याकडून येणारी सकाळची गाडी, खिडकीची जागा, साडीवर कंपनीचा खाकी शर्ट, मांडीवर डब्याची पिशवी आणि डोक्यावर हिरवंगार हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा आवळलेला. गाडीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, पण कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो. अक्का दिसल्या की तो न चुकता विचारायचा, "काय अक्का, वरून काय पडनार हाय का आज?"

"वरून न्हाई पडत, खालून खड्डा येतो," अक्का म्हणायच्या. "टाळकं छपराला बसलं की तूच मागशील हेल्मेट. मी देनार न्हाई."

नगरच्या स्टँडवर त्यांना पहिल्यांदा त्या गाडीतून उतरताना पाहिलं तेव्हा मी मनात म्हटलं, ही बाई ठार वेडी आहे. पुढं त्यांच्याच कंपनीत कामाला लागले आणि कळलं, माझा अंदाज अगदी बरोबर होता.

आमची कंपनी एमआयडीसीतली. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग बनवते. मी शेवगावची, डिप्लोमा झालेली, क्वालिटीत ट्रेनी म्हणून लागले. अक्का मूळच्या प्रेसवरच्या ऑपरेटर. अख्खा जन्म त्या धाडधाड मशीनवर गेला तरी सगळी बोटं जागच्या जागी, आणि नव्या माणसाला ती बोटं नाकासमोर नाचवून दाखवल्याशिवाय त्या त्याला प्रेसच्या जवळ फिरकू देत नसत. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, की त्या ठेवायच्याच नाहीत, देव जाणे. सगळ्यांना गावाच्या नावानं हाक. "ए शेवगाव, बूट कुठंयत?" "ओ पुणतांबा, गॉगल डोळ्याला लावा, कपाळाला दिसत न्हाई." एचआरचे साहेब पुण्याचे, तर ते "पुणे". त्यांना ही हाक मुळीच आवडायची नाही. पण अक्कांना सांगणार कोण?

त्यांना सेफ्टी प्रतिनिधी केलं तेही या पुण्यानंच, मी लागायच्या आधी. ऑडिटसाठी फलकावर कामगारांमधलं एक नाव हवं होतं आणि दुसरं कुणी तयार होईना. अक्का रिटायरमेंटला आलेल्या, म्हणजे नावापुरत्या राहतील, असा साहेबांचा हिशेब. छोटासा कार्यक्रम झाला, गुलाबाचं फूल दिलं, हिरवं हेल्मेट दिलं आणि लाल टॅगचा एक जाडजूड गठ्ठा दिला. लाल टॅग म्हणजे दोरी लावलेलं लाल पुठ्ठ्याचं कार्ड. कुठं उघडी वायर, तुटकी शिडी, गळकं तेल दिसलं की धोका काय तो लिहून तिथं अडकवायचं, आणि धोका दूर झाला की काढायचं. साहेबांनी माईकवरून नियम वाचून दाखवला, "ज्याने टॅग लावला, तोच तो काढेल. इतर कुणीही, अगदी एमडी साहेबसुद्धा, टॅगला हात लावणार नाहीत." टाळ्या पडल्या. वाक्य साहेबांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते प्रेस शॉपच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं.

तिथंच ते फसले.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या कढईला टॅग. "धोका : तेल उडतं." वडे बंद. आमच्या कंपनीत पगार लांबला तर माणसं कुरकुरतात, पण वडे बंद झाले तर पेटून उठतात. कॅन्टीनवाले भाऊ रडकुंडीला आले, सगळी फर्स्ट शिफ्ट अक्कांच्या मागं हात जोडून उभी, आणि अक्का शांतपणे भाकरी खात बसलेल्या. कढईसमोर पत्र्याचा आडोसा लागला तेव्हाच टॅग निघाला. मग एचआरच्या फिरत्या खुर्चीला टॅग, कारण तिचं एक चाक हललेलं. मग चक्क एमडींच्या गाडीला, कारण ती अग्निशामक सिलिंडरच्या पुढ्यात उभी. एमडी निघायला म्हणून आले तर आरशाला लाल कार्ड लोंबतंय आणि ड्रायव्हर हात मागं बांधून उभा. अक्का जेवत होत्या. एमडी थांबले. अक्कांनी ताक संपवलं, हात धुतले, गाडी मागं घ्यायला लावली आणि मग टॅग काढला. एमडी दिलदार माणूस, सगळ्यांसमोर म्हणाले, "वा, नियम म्हणजे नियम!" झालं! त्या दिवसापासून भिंतीवरच्या वाक्याला देवाच्या शपथेची किंमत आली.

त्यांचा हा छंद कंपनीच्या गेटवर थांबायचा नाही. घरी नवरा खाटेवर पडून बिडी ओढायचा, तर खाटेला टॅग. एका लग्नात मांडवातल्या हॅलोजनच्या वायरीला टॅग लावला. अक्षता हातात घेऊन अख्खं वऱ्हाड इलेक्ट्रिशियनची वाट बघत ताटकळलं. एकदा माझी आई एका मुलाचा बायोडेटा घेऊन मला भेटायला गेटवर आली. मुलाकडच्यांची एकच अट होती, मुलीनं नोकरी सोडायची. अक्कांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, खिशातून टॅग काढला आणि अडकवला. आई माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "आई, आता तो त्यांनीच काढायचा असतो." ते स्थळ तसंच राहिलं.

मला त्यांचा रागही यायचा, खोटं कशाला बोलू. मी वाकून चालले की ओरडायच्या, पळाले की ओरडायच्या, जिन्यात फोनवर बोलले तर हातातला फोनच काढून घ्यायच्या. आणि कधी गोड बोलणं नाही. डोक्यात जायच्या अगदी.

आता त्या माणसाबद्दल. आमचा प्रॉडक्शन मॅनेजर. अक्का सगळ्यांना गावाच्या नावानं हाक मारायच्या, याला मात्र कधीच नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "गावाचं काय चुकलंय?" तेव्हा मला अर्थ लागला नव्हता.

रोजच्या रिपोर्टवर त्याची सही लागायची. तो केबिनमध्ये बोलवायचा आणि दार लोटून घ्यायला सांगायचा, बाहेर मशीनचा आवाज फार म्हणून. सही करताना माझा हात धरून ठेवायचा. मग खांद्यावर हात, मग पाठीवर. मी सरकले की हसायचा, "शेवगावच्या पोरी लाजाळू फार." खोलीवर गेलं की मेसेज, "जेवलीस का", "एकटीच का". एक दिवस त्यानं कमरेला हात घातला. मी हातातला मापाचा गेज टेबलावर आपटला आणि बाहेर पडले. डोकं असं तापलं होतं की सांगता सोय नाही.

सरळ गेले एचआरकडं. पुणे साहेबांनी चहा मागवला, क्रीमची बिस्किटं पुढं केली, टिश्यूचा डबा सरकवला. माणूस बोलायला इतका मऊ की आपण तक्रार करतोय की त्यांच्या तब्येतीची चौकशी करतोय तेच कळेना.

"तुला तसं वाटलं असेल," ते म्हणाले. "ते तुझ्या वडिलांसारखे आहेत गं."

"माझे वडील असं करत नाहीत, सर."

"कंपनी म्हणजे एक कुटुंब. घरातलं घरात मिटवावं. हे बघ, कस्टमरचं ऑडिट तोंडावर आलंय." त्यांनी एक बिस्किट उचललं. "तुझं कन्फर्मेशनही तोंडावरच आहे, नाही का?"

मी समितीचं विचारलं. अशा तक्रारींसाठी कंपनीत समिती असते, तिचा फलकही जिन्यात लावलेला होता. त्या समितीची अध्यक्ष लग्न होऊन नाशिकला गेलेली. दुसरी अकाउंट्समधली, तिला आपण सभासद आहोत हे मी विचारल्यावर कळलं. बाहेरची सदस्य म्हणून एमडींच्या आत्याबाई, त्या फक्त संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यायच्या. आणि चौथे स्वतः पुणे साहेब.

पुढच्या आठवड्यात माझी बदली पॅकिंगला झाली. "तुझ्याच सोयीसाठी," साहेब म्हणाले. क्वालिटीतून पॅकिंगला म्हणजे खोक्यांना पट्ट्या मारायच्या, आणि कन्फर्मेशनच्या नावानं आंघोळच. दादांना, म्हणजे वडिलांना, फोन केला. ते म्हणाले, "बाई, आपलीच बदनामी हुईल. गप घरी निघून ये." घरी जायचं म्हणजे काय ते मला माहीत होतं. तो बायोडेटा आईनं अजून टॅगसकट जपून ठेवला होता.

दुपारी पॅकिंगमध्ये अक्का उगवल्या. "ए शेवगाव, तू हितं कशी?"

"बदली झाली. माझ्या सोयीसाठी."

"तुझ्या सोयीनं झाली तर तोंड असं का, एरंडेल पिल्यावानी?"

मग मी सगळं सांगितलं. खोक्यावर बसून त्यांनी ऐकलं. मला वाटलं होतं, आता पाठीवरून हात फिरवतील, त्याला दोन शिव्या घालतील. छे! त्यांनी मशीनबद्दल विचारतात तसं विचारलं, "परत करंल का?"

"करेल."

"दुसऱ्या कुनाला?"

"करेलच की!"

"मग धोका हाय," अक्का म्हणाल्या आणि उठल्या. मला इतका संताप आला. मी म्हटलं, "अक्का, तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

"वाटायला घरी गेल्यावर लई वेळ असतो. तुझं नाव लिहू का टॅगवर?"

"नको, नको!"

"न्हाई लिहीत. वायर उघडी हाय हे सांगायला शॉक कुनाला बसला ते लिवावं लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरच्या केबिनच्या कडीला लाल टॅग. अक्कांचं वळणदार, ठसठशीत अक्षर : "धोका : आत बसणारा माणूस. कुणाला : एकट्या बाईला. उपाय : हलवा."

तो आला, वाचलं आणि लालबुंद झाला. टॅगकडं हात नेला. प्रेस शॉपमधले सगळे एकाच वेळी भिंतीवरच्या वाक्याकडं बघायला लागले. त्याचा हात तिथंच थांबला. एमडींनी नाही काढला तिथं हा कोण लागून गेला?

पुणे साहेब धावत आले. "अक्का, टॅग मशीनसाठी असतो!"

"भिंतीवर मशीन कुठं लिवलंय? धोका लिवलंय."

"अहो, अशा गोष्टी गोपनीय असतात."

"धोका गोपनीय? मग त्या लाइटीच्या डब्यावर कवटी कशाला काढलीय, ओ पुणे?"

साहेबांचा मऊपणा संपला. "मी तुम्हाला कामावरून काढून टाकू शकतो, कळतंय का?"

"टाका की," अक्का म्हणाल्या. "पन मग ह्यो टॅग कोन काढनार?"

साहेबांना पहिल्यांदाच आपल्या वाक्याचा अर्थ कळला असावा.

पण एचआरचं डोकं ते. ऑडिटच्या आदल्या दिवशी दोन सुतार आले आणि त्यांनी केबिनचं दारच बिजागऱ्यांसकट उचकटून काढलं. टॅगला कुणी बोट लावलं नाही. दार टॅगसकट भंगारयार्डात नेऊन पत्र्याच्या कातरणामागं उभं केलं. नियमही पाळला आणि टॅगही गेला! साहेब खूश. मॅनेजर बिनदाराच्या केबिनमध्ये प्रदर्शनातल्यासारखा बसलेला, आणि अक्का दिवसभर पदर तोंडाला लावून हसत होत्या. "बघ शेवगाव, दार गेलं म्हंजे निम्मं काम झालंच. ह्येंनीच केलं."

ऑडिटर आले. चाकणहून आलेले, जाड भिंगाचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. केबिन बघून म्हणाले, "याला दार का नाही?"

पुणे साहेब एका क्षणात म्हणाले, "ओपन डोअर पॉलिसी, सर. कुणीही, कधीही येऊ शकतं." ऑडिटरला हे फार पटलं. त्यांनी लिहूनसुद्धा घेतलं. मी पॅकिंगमधून बघत होते, वाटलं, संपलं. आता कसली तक्रार आणि कसलं काय.

पण अक्कांना ऑडिटरची जात माहीत होती. हे लोक समोरचं बघून परतत नाहीत, मागचं भंगार बघतात. ते यार्डात गेले, लाल काहीतरी दिसलं म्हणून कातरण बाजूला करायला लावलं आणि टॅग वाचला. एकदा वाचला, चष्मा पुसून परत वाचला. तोवर निम्मी शिफ्ट तिथं जमलेली.

"हा टॅग उघडा आहे, म्हणजे धोका अजून आहे. यावर काय कारवाई केली?"

"केली ना सर," साहेब म्हणाले. "दार हलवलं."

"सायेब," अक्का मागून म्हणाल्या, "दार चांगलं हाय. सागवानी हाय."

ऑडिटरनं गर्दीकडं पाहिलं. "हा धोका नक्की कुणाला आहे? सांगायची सक्ती नाही. सांगायचं असेल तर सांगा."

अक्कांनी माझ्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या पाहत नाहीयेत म्हणूनच बहुतेक, मी हात वर केला. कन्फर्मेशन, दादा, तो बायोडेटा, सगळं डोळ्यांपुढं आलं, आणि तरी हात वरच राहिला. मला वाटलं, आता मागून आणखी हात वर होतील. एक झाला. मी मोठ्या आशेनं वळून बघितलं, तर कॅन्टीनवाले भाऊ. "बिनसाखरेचा चहा किती जनांना?" त्यांनी विचारलं.

बाकी एकही हात नाही. मला रडू आलं, तिथंच, सगळ्यांसमोर. अक्का जवळ आल्या आणि माझ्या डोक्यावर त्यांनी स्वतःचं हिरवं हेल्मेट ठेवलं. पट्टासुद्धा लावला. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचे पांढरे केस पाहिले.

नंतर बाथरूममध्ये एकेक बाई येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "बरं केलंस गं", "माझ्याबरबर पन". मी अक्कांपाशी चरफडले, "तेव्हा काय झालं होतं यांना?" त्या म्हणाल्या, "खांदा आखडलेला असतो बाळा. एकदम वर न्हाई जात." बाळा! त्यांनी मला गावाशिवाय हाक मारली ती तेवढीच.

ऑडिटरनं लिहून टाकलं, टॅग बंद होत नाही तोवर ऑडिट बंद होणार नाही. आणि ऑडिट बंद झालं नाही तर कस्टमरचा माल बंद. मग बघा कशी चक्रं फिरली! नाशिकला गेलेल्या अध्यक्षीणबाईंच्या जागी नवी अध्यक्ष नेमली, आत्याबाईंच्या जागी शहरातल्या एक कडक वकीलबाई आल्या. मधेच साहेबांनी मॅनेजरला दुसऱ्या युनिटला पाठवायचा घाट घातला. अक्का म्हणाल्या, "टॅग लागलेला माल दुसऱ्या शॉपला ढकलत न्हाईत. तिथं बाया न्हाईत का?" चौकशी पुरी झाली. बाथरूममध्ये बोललेल्या दोघींनी वकीलबाईंसमोरही तोंड उघडलं. तो गेला. सूचना फलकावर "वैयक्तिक कारणास्तव" असं लागलं, पुणे साहेबांच्या मऊ भाषेत. मी क्वालिटीत परत आले, कन्फर्मही झाले. दाराला काच बसवून ते परत लावलं. टॅग काढताना अक्कांनी मला विचारलं, "काढू का?" मी म्हटलं, "काढा."

या सगळ्याचं कारण लोकांनी त्यांना फार विचारलं. तुमच्यावर कधी असा प्रसंग आला होता का, मुलीवर आला होता का. त्या चिडायच्या. "आग लागली तर कारन इचारता का पानी टाकता? मला कारन लागत न्हाई."

पुणे साहेब मात्र जागेवरच राहिले. "ओपन डोअर पॉलिसी" या विषयावर पुण्याच्या कुठल्याशा परिषदेत त्यांनी भाषणही दिलं म्हणे.

अक्का रिटायर झाल्या तेव्हा शाल, नारळ, घड्याळ, सगळं यथासांग झालं. साहेब अर्धा तास बोलले. अक्का बोलल्याच नाहीत. कार्यक्रम संपल्यावर त्या ऑफिसात गेल्या, खिशातून गठ्ठ्यातला शेवटचा टॅग काढला आणि एचआरच्या काचेच्या दाराच्या कडीला अडकवला. टॅग कोरा.

साहेब हसत म्हणाले, "अक्का, यावर काहीच लिहिलेलं नाही."

"लिवायची येळ आनू नका," अक्का म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच बिनहेल्मेटच्या एस्टी स्टँडला गेल्या.

तो टॅग अजून तिथंच आहे. येईल तो ऑडिटर विचारतो, हा कशाचा, आणि साहेबांना दरवेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. मध्ये एकदा ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन अक्कांच्या गावी जाऊन आले, तेवढा काढून द्या म्हणून. अक्कांनी त्यांना चहा पाजला, पेढे ठेवून घेतले आणि म्हणाल्या, "गुडघे लई दुखत्यात हो पुणे. नगरला येनं हुत न्हाई."

सेफ्टी प्रतिनिधी आता मी आहे. हेल्मेट तेच, हिरवं. तेवढं मात्र अक्कांनी जाताना माझ्या टेबलावर ठेवलं. एस्टीत घालायचं धाडस मला अजून होत नाही. पण सकाळी आले की मी आधी एचआरच्या दाराशी जाते. आमच्या शॉपची धूळ फार, टॅग मळतो. तो काढायचा मला अधिकार नाही, भिंतीवर तसं स्पष्ट लिहिलंय. पुसायचा नाही असं कुठंच लिहिलेलं नाही. मी रोज पुसते, आणि साहेब काचेतून बघत असतात.